लायब्ररी लोड झाली, तरी ब्रेकपॉइंट लागत नाही: पाणी कुठे मुरतंय ते कसं शोधायचं

सी++ मध्ये लिहिलेलं पायथनचं एखादं एक्स्टेन्शन आहे, समजा ‘जलद’ नावाचं. व्हीएस कोडमध्ये त्याच्या एका फंक्शनवर ब्रेकपॉइंट (प्रोग्रॅम जिथे थांबवायचा ती खूण) लावला, एफ५ दाबलं, आणि लाल ठिपक्याच्या जागी करडं पोकळ वर्तुळ आलं. प्रोग्रॅम शेवटपर्यंत चालला, उत्तरही बरोबर आलं. म्हणजे फंक्शन नक्की चाललं, पण डीबगर थांबला नाही. एक्लिप्समध्ये जेएनआयची (जावातून बोलावलेली सी/सी++ची) लायब्ररी डीबग करणाऱ्यांना, क्यूटीचे प्लगइन लिहिणाऱ्यांना आणि डीएलओपन या फंक्शनने चालू प्रोग्रॅममध्ये काहीही लोड करणाऱ्या प्रत्येकाला हा त्रास पाचवीला पुजलेला आहे.

यावर नेहमीचे दोन सल्ले मिळतात: कंपायलरला ‘-जी’ (डीबगची माहिती घालणारा पर्याय) लावून पुन्हा बिल्ड करा, किंवा आयडीई (व्हीएस कोडसारखा एडिटर) बंद करून पुन्हा चालू करा. दोन्हींनी कधीकधी काम होतं, पण का झालं ते कळत नाही. त्यामुळे पुढच्या महिन्यात तीच अडचण पुन्हा उभी राहते. लायब्ररी लोड झाल्याची बातमी लोडरकडून डीबगरकडे, डीबगरकडून आयडीईकडे कशी पोहोचते हे एकदा समजून घेतलं, तर ती कुठे अडकली हे बहुतेक वेळा दहा मिनिटांत सापडतं. खाली मुख्यतः लिनक्स आणि जीडीबी हा डीबगर धरून लिहिलंय. कमांड देवनागरीत दिल्या आहेत, टर्मिनलवर त्या रोमन लिपीतच टाइप करायच्या.

बातमी निघते कुठून

विंडोजवर डीएलएल लोड झाली की ऑपरेटिंग सिस्टिम स्वतःच डीबगरला तशी घटना कळवते. लिनक्सच्या कर्नेलकडे असली काही सोय नाही. कर्नेलच्या लेखी फाइलचा एक तुकडा मेमरीत मॅप झाला, एवढंच. ती शेअर्ड लायब्ररी आहे, तिच्यात अमुक फंक्शनं आहेत, हे फक्त डायनॅमिक लोडरला, म्हणजे लायब्रऱ्या शोधून जोडणाऱ्या कोडला, ठाऊक असतं. तो लोडर आपल्याच प्रोसेसच्या आत चालत असतो.

म्हणून लोडर आणि डीबगर यांच्यात एक जुना करार आहे. जीडीबीच्या सोर्समध्ये तो हाताळणारी फाइल आजही ‘सोलिब-एसव्हीआर४’ या नावाची आहे, कारण हा करार सिस्टिम फाइव्ह युनिक्सच्या काळापासून चालत आलाय. लोडर ‘आर_डीबग’ नावाचं एक स्ट्रक्चर ठेवतो. त्यात लोड झालेल्या लायब्रऱ्यांच्या यादीचा पत्ता असतो, आणि ‘आर_बीआरके’ नावाच्या फील्डमध्ये एका रिकाम्या फंक्शनचा पत्ता असतो. जीलिबसीत (लिनक्सची नेहमीची सी लायब्ररी) या फंक्शनचं नाव ‘_डीएल_डीबग_स्टेट’. यादी बदलण्याआधी आणि बदलून झाल्यावर लोडर हे फंक्शन कॉल करतो. ते स्वतः काहीच करत नाही. जीडीबी तिथे गुपचूप आपला अंतर्गत ब्रेकपॉइंट लावून बसलेला असतो. कॉल आला की प्रोसेस क्षणभर थांबते, जीडीबी यादी वाचतो, नव्या लायब्ररीची नोंद करतो आणि प्रोसेस पुढे सोडतो. नव्या जीलिबसीत याच कामासाठी प्रोबही (कोडमध्ये पेरलेल्या खुणा) आहेत आणि ते सापडले तर जीडीबी तेच वापरतो.

हे सगळं लायब्ररीचे कन्स्ट्रक्टर चालायच्या आत घडतं. म्हणूनच डीएलओपनने आलेल्या लायब्ररीच्या ग्लोबल ऑब्जेक्टच्या कन्स्ट्रक्टरमध्ये लावलेला ब्रेकपॉइंटही लागू शकतो.

त्यानंतर जीडीबी आयडीईला कळवतो. एमआय इंटरफेस (जीडीबी आणि आयडीई यांच्यातली मजकुरी भाषा) असेल तर लॉगमध्ये अशी ओळ दिसते:

=लायब्ररी-लोडेड, आयडी="/घर/प्रकल्प/जलद.एसओ", टार्गेट-नेम="/घर/प्रकल्प/जलद.एसओ", होस्ट-नेम="/घर/प्रकल्प/जलद.एसओ", सिम्बॉल्स-लोडेड="०", थ्रेड-ग्रुप="आय१", रेंजेस=[…]

सुरुवातीचं बरोबरचं चिन्ह म्हणजे ही नुसती सूचना आहे, कुठल्या कमांडचं उत्तर नाही. व्हीएस कोडमध्ये ही ओळ बघायची तर ‘लाँच.जेसन’मध्ये ‘लॉगिंग’खाली ‘इंजिनलॉगिंग’ ट्रू करा. एक्लिप्समध्ये कन्सोलच्या यादीत जीडीबी ट्रेसेस निवडा.

‘सिम्बॉल्स-लोडेड="०"’ने गोंधळून जाऊ नका

या एका फील्डमुळे जेवढा वेळ वाया जातो, तेवढा दुसऱ्या कशाने जात नसेल. लॉगमध्ये शून्य दिसलं की माणूस म्हणतो, सिम्बॉल्स (फंक्शनांची नावं, पत्ते आणि ओळींची माहिती) लोड झाले नाहीत, आणि कंपायलरच्या फ्लॅगच्या मागे लागतो. प्रत्यक्षात जीडीबी आधी लायब्ररी आपल्या यादीत घालतो, लगेच ही सूचना पाठवतो, आणि सिम्बॉल्स त्यानंतर वाचतो. त्यामुळे ज्या लायब्ररीत ब्रेकपॉइंट उत्तम लागतो तिच्याही ओळीत शून्यच असतं. जीडीबीच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय की हे फील्ड केवळ जुन्या साधनांशी सुसंगती राहावी म्हणून पाठवलं जातं, त्याच्या किमतीवर विसंबू नये.

थोडक्यात, ‘लायब्ररी लोड झाली’ आणि ‘तिचे सिम्बॉल्स मिळाले’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि ही सूचना फक्त पहिलीबद्दल बोलते. दुसरी झाल्याचं लक्षण म्हणजे थोड्या वेळाने येणारी ‘=ब्रेकपॉइंट-मॉडिफाइड’ ही ओळ. तिच्यात ब्रेकपॉइंटचा पत्ता ‘पेंडिंग’वरून (म्हणजे अजून न मिळालेला) खऱ्या पत्त्यावर आलेला दिसतो. लॉगमध्ये या दोनच ओळी शोधा.

पहिली ओळच नसेल, तर घोडं लोडर आणि जीडीबी यांच्यामध्ये अडलंय. पहिली आहे पण दुसरी नाही, तर सिम्बॉल्स किंवा सोर्सच्या पथात गोंधळ आहे. दोन्ही आहेत आणि तरी वर्तुळ पोकळ, तर दोष आयडीईच्या किंवा त्याला डीबगरशी जोडणाऱ्या अ‍ॅडॅप्टरच्या बाजूला.

पहिली ओळच येत नाही

सगळ्यात आधी लायब्ररी खरंच त्याच प्रोसेसमध्ये आली का ते बघा, आणि ते डीबगरला न विचारता. प्रोसेस चालू असताना ‘/प्रॉक/पीआयडी/मॅप्स’ या फाइलमध्ये (पीआयडी म्हणजे प्रोसेसचा क्रमांक) लायब्ररीचं नाव शोधा (ग्रेप करा). कर्नेलची ही साक्ष खोटी ठरत नाही. नाव नसेल तर डीबगरचा काही दोष नाही, आपण चुकीच्या प्रोसेसकडे बघतोय.

पायथनच्या बाबतीत हे हटकून होतं. पायटेस्ट एक्सडिस्टबरोबर (टेस्ट समांतर चालवणारं प्लगइन) चालवलं की टेस्ट वेगळ्या वर्कर प्रोसेसमध्ये चालतात, आणि जीडीबी मूळ प्रोसेसला धरून बसलेला असतो. तिथे ‘-एन ०’ देऊन टेस्ट एकाच प्रोसेसमध्ये चालवणं हा सगळ्यात सोपा उपाय. वेब सर्व्हर ऑटो-रिलोड प्रकारात चालवला तरी तेच. जिथे फोर्क (प्रोसेसने स्वतःची प्रत काढणं) टाळता येत नाही तिथे ‘सेट फॉलो-फोर्क-मोड चाइल्ड’ लावा. आई आणि मूल दोन्ही प्रोसेस हातात ठेवायच्या असतील तर ‘सेट डिटॅच-ऑन-फोर्क ऑफ’. असं केल्यावर मुलाने लोड केलेल्या लायब्ररीच्या ओळीत थ्रेड-ग्रुप ‘आय१’ऐवजी ‘आय२’ दिसतो. आयडीई एकच थ्रेड-ग्रुप हाताळत असेल तर ती ओळ तो सोडून देऊ शकतो, हेही ध्यानात ठेवा.

पायएन्व्ह (पायथनच्या आवृत्त्या बदलणारं साधन) वापरणाऱ्यांसाठी आणखी एक. पायएन्व्हने पुढे केलेला ‘पायथन’ म्हणजे बॅशची छोटी स्क्रिप्ट असते. ती जीडीबीला दिली तर फाइलचा फॉरमॅट ओळखता येत नाही अशी तक्रार येते. पायथनच्या प्रॉम्प्टवर ‘सिस.एक्झिक्युटेबल’ छापा आणि तो पथ ‘प्रोग्रॅम’मध्ये द्या.

मॅप्समध्ये नाव आहे, पण जीडीबीला पत्ता नाही, असं असेल तर ‘इन्फो शेअर्डलायब्ररी’ चालवा. यादी रिकामी असेल, किंवा सुरुवातीला जीडीबीने डायनॅमिक लिंकरचं ब्रेकपॉइंट फंक्शन सापडत नाही, डीएलओपनने आलेला कोड टिपता येणार नाही, अशा अर्थाची वॉर्निंग दिली असेल, तर मूळ कारण मिळालं. वर सांगितलेलं रिकामं फंक्शन त्याला सापडलंच नाही. क्रॉस-कंपाइल केलेल्या एम्बेडेड बोर्डांवर हे जास्त दिसतं, कारण इमेज लहान करायला लोडरसुद्धा पूर्ण स्ट्रिप केलेला (सिम्बॉल्स काढून टाकलेला) असतो. बाकी सगळं स्ट्रिप करा, पण लोडरची सिम्बॉल टेबल राहू द्या, किंवा होस्टवरच्या सिसरूटमध्ये (बोर्डच्या फाइलींच्या प्रतीत) त्याच बिल्डचा न स्ट्रिप केलेला लोडर ठेवा.

लोडर स्वतः काय करतोय ते ऐकायचं असेल तर ‘एलडी_डीबग=लिब्स’ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावून प्रोग्रॅम चालवा. कुठल्या डिरेक्टरीत शोधलं, कुठली फाइल उचलली, सगळं तो छापतो. ‘मी बिल्ड केलेली ती ही नाहीच’ हा शोध बऱ्याच वेळा इथेच लागतो: बिल्ड डिरेक्टरीतली फाइल ताजी, आणि इम्पोर्ट होते ती साइट-पॅकेजेसमधली जुनी प्रत.

डीएलएमओपनने वेगळ्या नेमस्पेसमध्ये (लायब्रऱ्यांच्या स्वतंत्र यादीत) लोड केलेल्या लायब्रऱ्यांचं प्रकरण निराळं आहे. मूळ आर_डीबग फक्त मुख्य नेमस्पेसची यादी द्यायचा. फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेल्या जीलिबसी २.३५ पासून त्याची वाढीव आवृत्ती आली आणि तिच्यात पुढच्या नेमस्पेसचा दुवा असतो. त्याआधीची जीलिबसी असेल तर अशा लायब्रऱ्यांसाठी फार वेळ घालवू नका.

पहिली ओळ येते, दुसरी येत नाही

बहुतेकांची गाठ इथे बसलेली असते. ‘इन्फो शेअर्डलायब्ररी’च्या तक्त्यात ‘सिम्स रेड’ हा रकाना बघा. तिथे तीन प्रकारची उत्तरं येतात.

‘नो’ असेल तर जीडीबीला फाइल सापडली नाही किंवा त्याने ती मुद्दाम वाचली नाही. मुद्दाम न वाचण्याचं कारण ‘सेट ऑटो-सोलिब-अ‍ॅड ऑफ’. हे आपण स्वतः लावलेलं नसतं, पण सहकाऱ्याकडून घेतलेल्या ‘लाँच.जेसन’मध्ये ‘सिम्बॉललोडइन्फो’ असतो आणि त्यात ‘लोडऑल’ फॉल्स असतो. मोठ्या प्रकल्पात सुरुवात वेगाने व्हावी म्हणून कोणीतरी ते घातलेलं असतं आणि ‘एक्सेप्शनलिस्ट’मध्ये त्याच्या लायब्ररीचं नाव असतं, आपल्या लायब्ररीचं नाही. आपलं नाव त्या यादीत घाला. एक्लिप्समध्ये याचा जोडीदार म्हणजे शेअर्ड लायब्ररीज टॅबवरचा, सिम्बॉल्स आपोआप लोड करायचा चेकबॉक्स. तात्पुरतं तपासायचं तर डीबग कन्सोलवर ‘शेअर्डलायब्ररी जलद’ द्या. लगेच वर्तुळ लाल झालं तर निदान पक्कं.

‘येस’च्या पुढे कंसात तारा असेल, तर फाइल मिळाली, फंक्शनची नावंही मिळाली, पण ओळींची माहिती नाही. आता मात्र ‘-जी’चा सल्ला खरा. लायब्ररीवर ‘फाइल’ ही कमांड चालवा. ‘विथ डीबग_इन्फो, नॉट स्ट्रिप्ड’ हे शब्द दिसले पाहिजेत. ‘-जी’ देऊनही दिसत नसतील तर बिल्डची इन्स्टॉल पायरी फाइल स्ट्रिप करतेय का बघा.

नुसतं ‘येस’ असेल आणि तरी ब्रेकपॉइंट पेंडिंग, तर एक साधी चाचणी करा. फाइल आणि ओळ न देता फंक्शनच्या नावाने ब्रेकपॉइंट लावा. नावाने लागला आणि ओळीने लागत नाही, तर सोर्सचा पथ जुळत नाहीये. आयडीई पूर्ण पथ पाठवतो, ‘/घर/प्रकल्प/सोर्स/जलद.सीपीपी’. लायब्ररीच्या डीबग माहितीत मात्र बिल्ड झाली तेव्हाचा पथ कोरलेला असतो. डॉकर कंटेनरमध्ये बिल्ड केलेल्या व्हीलमध्ये (पायथनच्या तयार पॅकेजमध्ये) कंटेनरच्या आतले पथ असतात, आणि ते आपल्या मशिनवर अस्तित्वातच नसतात. ‘इन्फो सोर्सेस’मध्ये खरा पथ बघा आणि ‘सेट सबस्टिट्यूट-पाथ’ने जुना पथ नव्याशी जोडा. व्हीएस कोडमध्ये हेच काम ‘सोर्सफाइलमॅप’ करतो. माझं मत असं की कंटेनरमध्ये बिल्ड करणाऱ्या प्रत्येक टीमने हे मॅपिंग रेपॉझिटरीतच ठेवावं, म्हणजे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी हा त्रास होणार नाही.

रिमोट डीबगिंगमध्ये टार्गेट-नेम आणि होस्ट-नेम वेगळे असू शकतात. होस्ट-नेममध्ये बोर्डवरच्या लायब्ररीऐवजी आपल्या लॅपटॉपवरचीच ‘/यूएसआर/लिब’मधली फाइल आली असेल, तर जीडीबी भलत्याच फाइलचे सिम्बॉल्स वाचतोय. डायनॅमिक सेक्शन अपेक्षित पत्त्यावर नाही, लायब्ररी चुकीची किंवा आवृत्ती वेगळी असावी, अशी वॉर्निंग येते ती याचीच. ती कधीही दुर्लक्षू नका, कारण ब्रेकपॉइंट लागला तरी भलत्याच ओळीवर लागेल. जीडीबी ७.१० पासून सिसरूटची मूळ किंमत ‘टार्गेट:’ आहे, म्हणजे फाइली बोर्डवरूनच ओढल्या जातात. हे बिनचूक पण संथ. रोजच्या कामासाठी बोर्डच्या रूट फाइलसिस्टिमची प्रत होस्टवर ठेवून ‘सेट सिसरूट’ तिच्याकडे वळवा आणि आपल्या लायब्रऱ्यांसाठी ‘सेट सोलिब-सर्च-पाथ’ द्या. व्हीएस कोडमध्ये ‘अ‍ॅडिशनलएसओलिबसर्चपाथ’. दोन्हीकडच्या फाइली एकच आहेत का हे ‘रीडएल्फ -एन’ने बिल्ड-आयडी काढून ताडून घ्या. नाव आणि तारखेवर विश्वास ठेवू नका.

इथेच एक गैरसमज दूर करतो. ‘.जीडीबीइनिट’मध्ये ‘सेट ब्रेकपॉइंट पेंडिंग ऑन’ घालायचा सल्ला सर्रास दिला जातो. ती सेटिंग हाताने टाइप केलेल्या ‘ब्रेक’ कमांडसाठी आहे. एमआयच्या ‘-ब्रेक-इन्सर्ट’वर तिचा परिणाम होत नाही. तिथे लायब्ररी यायच्या आधी ब्रेकपॉइंट स्वीकारला जाण्यासाठी ‘-एफ’ हा पर्याय द्यावाच लागतो. एखाद्या एडिटरच्या लहान प्लगइनमध्ये किंवा घरच्या घरी लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये तो राहून गेला, की सुरुवातीलाच एरर येते आणि ब्रेकपॉइंट कधी नोंदलाच जात नाही. लॉगमध्ये ‘-ब्रेक-इन्सर्ट’ची ओळ शोधून तिच्यात ‘-एफ’ आहे का एवढं बघा.

दोन्ही ओळी आहेत, वर्तुळ तरी पोकळ

डीबग अ‍ॅडॅप्टर प्रोटोकॉलमध्ये (व्हीएस कोडसारखे आयडीई डीबगरशी ज्या भाषेत बोलतात ती) दोन स्वतंत्र संदेश आहेत. ‘मॉड्यूल’ इव्हेंट सांगतो की लायब्ररी आली, बदलली किंवा गेली. त्यात ‘सिम्बॉलस्टेटस’ हे ऐच्छिक फील्ड असतं. ‘ब्रेकपॉइंट’ इव्हेंट सांगतो की ब्रेकपॉइंट आता ‘व्हेरिफाइड’ झाला. करड्याचं लाल होणं या दुसऱ्यावर अवलंबून आहे. पहिला कितीही वेळा आला तरी वर्तुळाला त्याचं सोयरसुतक नाही. अ‍ॅडॅप्टरने दुसरा पाठवलाच नाही, तर ब्रेकपॉइंट प्रत्यक्षात लागलेला असून वर्तुळ पोकळ दिसेल. अशा वेळी प्रोग्रॅम तिथे थांबतो का ते आधी बघा. थांबत असेल तर हा फक्त दिसण्याचा दोष आहे, अ‍ॅडॅप्टर बदलून खात्री करा. डिसेंबर २०२३ मध्ये आलेल्या जीडीबी १४ पासून जीडीबी हा प्रोटोकॉल थेट बोलतो, आणि एलएलडीबी या दुसऱ्या डीबगरसाठी एलएलडीबी-डॅप आहे. मधला एमआयचा दुभाषा वगळून तोच ब्रेकपॉइंट लावून बघितला की दोष कोणाचा ते उघड होतं.

लायब्ररी आल्यावर नेमक्या त्या क्षणी थांबायचं असेल तर ‘कॅच लोड जलद’ वापरा. ‘सेट स्टॉप-ऑन-सोलिब-इव्हेंट्स १’ प्रत्येक लायब्ररीला थांबवतं, आणि काही आयडीई या थांब्याचं कारण न ओळखता कर्सर असेंब्लीत नेऊन ठेवतात. म्हणून ते टर्मिनलवर ठीक, आयडीईत नको. एलएलडीबीत याची सेटिंग ‘टार्गेट.प्रोसेस.स्टॉप-ऑन-शेअर्डलायब्ररी-इव्हेंट्स’.

लायब्ररी पुन्हा लोड केल्यावर

प्लगइन बदलून, पुन्हा बिल्ड करून, डीएलक्लोज आणि डीएलओपन करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पहिल्या खेपेला सगळं नीट चालतं आणि दुसऱ्या खेपेला ब्रेकपॉइंट जुन्या ओळींवर लागतात. लॉगमध्ये ‘=लायब्ररी-अनलोडेड’ आली का बघा. आली नसेल तर डीएलक्लोजने लायब्ररी खरंच काढलेली नाही. कुठेतरी दुसरा हँडल उघडा आहे, किंवा तुम्ही अल्पाइनच्या कंटेनरमध्ये आहात. अल्पाइनची मसल ही सी लायब्ररी डीएलक्लोजवर काहीच काढत नाही, तिथे ही सूचना कधी येणारच नाही.

बिल्डने चालू प्रोसेसखालची फाइल बदलली असेल तर मॅप्समध्ये तिच्या नावापुढे ‘डिलीटेड’ दिसतं. म्हणजे मेमरीत जुनी प्रत आणि डिस्कवर नवी, आणि जीडीबी सिम्बॉल्स डिस्कवरून वाचतो. त्याच फाइलवर ‘सीपी’ने नवी प्रत ओतणं तर त्याहून वाईट, चालू प्रोसेस सिगबसने (मेमरी वाचता न आल्याच्या सिग्नलने) किंवा भलत्याच जागी कोसळू शकते. प्रत्येक बिल्डला लायब्ररीचं नाव वेगळं ठेवा, उदाहरणार्थ नावात बिल्डचा क्रमांक घाला आणि प्रोग्रॅमला सर्वांत नवी फाइल उघडायला सांगा. जीडीबीसाठी ती मग सरळसरळ नवी लायब्ररी ठरते आणि ब्रेकपॉइंट तिच्यावर नव्याने बसतात.